मोकळ्यावर गिटार-बासरी-गाणं लाइव्ह रेकॉर्ड करायचंय, वारा आणि लांबची घरघर काही केल्या सुटत नाहीये

तिसरी_तार:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला अंदाज येणार नाही म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही तिघं आहोत, मी गिटार वाजवते आणि गाते, एक जण बासरीवर आणि एक जण काहोनवर, म्हणजे ज्यावर बसून हाताने वाजवतात ते खोक्यासारखं तालवाद्य. घरात रेकॉर्डिंग बरंच केलंय, एकेक ट्रॅक वेगळा घेऊन वगैरे, पण आता मनात असं आहे की बाहेर झाडाबिडाखाली तिघांनी एकत्र बसून एका दमात वाजवायचं आणि जे येईल ते तसंच ठेवायचं, नंतर वरून काही चढवायचं नाही. सामान म्हणाल तर हातात मावणारा एक रेकॉर्डर, त्याला वर एक्सवाय माइक (एकमेकांना तिरके लावलेले दोन, स्टिरिओसाठी) आणि खाली बाहेरचे माइक जोडायला दोन एक्सएलआर इनपुट, चारही ट्रॅक एकदम घेता येतात. शिवाय दोन पेन्सिल कंडेन्सर माइक (बारीक, लांबट आणि नाजूक आवाज टिपणारे) आणि त्यांच्यासोबत आलेले फोम. व्हिडिओ फोनवर.

पहिल्यांदा गेलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते, झऱ्याच्या काठाला मोठ्या झाडाखाली बसलो. तीन तास वाजवलं. तिथे कानाला वारा असा काही जाणवलाच नाही, झुळूक होती म्हणा, केस उडतील एवढीच. घरी येऊन ऐकलं तर प्रत्येक टेकमध्ये भुरभुर भुरभुर, आणि एका ठिकाणी जिथे मी अंतऱ्यात अगदी हळू आवाजात ओळ घेते तिथेच झुळूक आलीय आणि आवाज कापड फाटल्यासारखा झालाय. ८० हर्ट्झवर लो कट, म्हणजे त्याखालचा खर्ज कापणारा फिल्टर, लावला, काही फरक नाही, १५० पर्यंत नेला तर गिटारचा जीवच गेला आणि फाटलेलं ते फाटलेलंच राहिलं.

मग दुसऱ्यांदा ठरवलं की पहाटे जायचं. तीच जागा, एक पान हलत नव्हतं, म्हटलं आज काम होणार. तर रेकॉर्डिंगभर मागे एकसारखी घूंऽऽ अशी घरघर, लांबच्या मोठ्या रस्त्याची. रस्ता तिथून निदान दोन किलोमीटर असेल आणि दुपारी तो ऐकूच आला नव्हता! हे मला अजिबात कळलेलं नाही. आणि झऱ्याचा आवाज दोन्ही वेळा आम्हाला वाटला त्यापेक्षा खूपच मोठा आलाय, नळ सोडून ठेवल्यासारखा.

तर वाऱ्याचं काय करायचं, जागा-वेळ कशी निवडायची, आणि माइक कसे लावायचे, एक स्टिरिओ समोर ठेवून भागेल की प्रत्येकाला जवळून द्यायचा? नवीन सामान घ्यायला लागलं तर घेईन पण आधी आहे त्यात काय होतंय ते बघायचंय.

रानवाट:

ताई, प्रश्न नीट मांडलात त्यामुळे उत्तर द्यायला सोपं जातंय. मी बरीच वर्षं बाहेरच रेकॉर्डिंग करतो आणि माझं ठाम मत आहे की बाहेरच्या कामात निम्म्याहून जास्त निकाल जागा आणि वेळ ठरवतात तिथेच लागतो, माइक नंतर.

आधी तुमची पहाटेची घरघर. रात्रभर जमीन थंड होते, जमिनीलगतची हवा गार आणि वरची त्यापेक्षा ऊबदार अशी उलटी थरावळ बसते. ऊबदार हवेत आवाज जास्त वेगाने जातो, त्यामुळे वर जाणारा आवाज वाकून परत खाली जमिनीकडे येतो आणि लांबलांबपर्यंत पोचतो. दुपारी याच्या बरोब्बर उलट, जमीन तापलेली असते, आवाज वरच्या बाजूला वाकतो आणि दोन किलोमीटरवरचा रस्ता तुमच्या डोक्यावरून निघून जातो. म्हणजे पहाटे वारा नाही पण घरघर आहे, दुपारी घरघर नाही पण वारा आहे. यातून मधली वाट अशी की ऊन चढायला लागल्यावर पहिले एक-दोन तास, जमीन तापायला लागलेली असते आणि वारा अजून उठलेला नसतो. तेवढ्यात दोन-तीन चांगले टेक होतात. पण खरा उपाय म्हणजे जागाच अशी बघायची की रस्ता आणि तुम्ही यांच्यामध्ये टेकाड, मोठा खडक, काहीतरी भरीव आडवं असेल. नुसत्या झाडांच्या रांगेने लांबचा खर्ज अडत नाही, लोकांना वाटतं अडतो. आदल्या दिवशी त्याच वेळेला तिथे जाऊन हेडफोन लावून नुसतं पाच मिनिटं ऐकून या. कान घरघर विसरतो, माइक विसरत नाही.

संध्याकाळ मात्र टाळा. रातकिडे सुरू झाले की त्यांचा आवाज साधारण ४ ते ५ किलोहर्ट्झला असतो, गाण्यातली स्पष्टता तिथेच असते, तो काढायला गेलात तर शब्दच बोथट होतात.

आता वारा. वारा म्हणजे तिथे असलेला आवाज आहे आणि माइक तो टिपतोय असं नाहीये, हवेचे भोवरे थेट पडद्यावर आपटतात आणि पडदा वेड्यासारखा हलतो. ती हालचाल बहुतेक सगळी खालच्या फ्रिक्वेन्सीत असते आणि एवढी मोठी असते की पुढचा प्रीअँप (माइकचा आवाज वाढवणारा भाग) क्लिप होतो, म्हणजे त्याची मर्यादा संपते. एकदा क्लिप झालं की त्या क्षणाला गाण्याची लाटच कापली गेलेली असते, म्हणून तुम्ही नंतर कितीही लो कट लावा, फाटलेलं शिवलं जात नाही. म्हणून लो कट लावायचाच तर रेकॉर्डरमधला किंवा माइकवरचा, रेकॉर्ड करतानाच. पण त्याआधी वारा पडद्यापर्यंत पोचू द्यायचा नाही. सोबत येणारा पातळ फोम हा गाणाऱ्याच्या फुंकरीपुरता असतो, बाहेरच्या वाऱ्याला तो पुरत नाही. केसाळ कव्हर घ्या, डेडकॅट म्हणतात ते, रेकॉर्डरवरच्या एक्सवायला वेगळं आणि दोन्ही पेन्सिलना वेगळी. ते लांब केस हवेचा जोर थोडाथोडा करून मोडतात आणि आत माइकभोवती शांत हवेचा कप्पा राहतो. कप्पा जेवढा मोठा तेवढं चांगलं, म्हणून फोम तसाच ठेवून त्यावरून केसाळ चढवा, कव्हर माइकला चिकटून बसता कामा नये. थोडी वरची चमक जाते पण तेवढी परत देता येते.

आणि अजून एक, वाऱ्याच्या बाजूला दोन स्टँडमध्ये जाड कापड टांगलंत तर खूप फरक पडतो. कापड हवं, फळी नको. फळीच्या मागे भोवरे तयार होतात, कापडातून थोडी हवा झिरपते त्यामुळे मागे शांत राहतं. स्टँडच्या पायावर वजन ठेवा आणि केबल स्टँडला टेपने बांधून टाका, ती वाऱ्याने स्टँडवर टकटक वाजते आणि ती टकटक काहोनच्या ठोक्यासारखी ऐकू येते, शोधता शोधता दमायला होतं.

तिसरी_तार:

दादा, रस्त्याचं कोडं सुटलं! आणि ती टकटक आमच्याकडे खरंच आहे, आम्ही तीन दिवस काहोनवाल्यालाच दोष देत होतो. झऱ्याचं काय करू? मला तो व्हिडिओत मागे दिसायला हवाय, तीच तर सगळी शोभा आहे.

दोन_माइक:

झऱ्यावर मी बोलतो. वाहत्या पाण्याचा आवाज वरपासून खालपर्यंत सगळ्या फ्रिक्वेन्सीत पसरलेला असतो, तो फिल्टरने काढता येत नाही, नॉइज रिडक्शन लावलंत तर बासरीच्या फुंकेतला श्वास आधी जाईल आणि पाणी नंतर. कार्डिऑइड माइकला, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणाऱ्या माइकला, पाठीमागून सगळ्यात कमी ऐकू येतं, तर माइकची पाठ झऱ्याकडे हवी. म्हणजे वाजवणाऱ्यांची तोंडं झऱ्याकडे आणि झरा कॅमेऱ्याच्या मागे. तुम्हाला हवंय ते चित्र नेमकं याच्या उलट आहे, झरा तुमच्या पाठीशी म्हणजे माइकचं तोंड सरळ पाण्याकडे. दोन्ही एका जागी जमणार नाही. माझं म्हणाल तर पाण्यापासून चाळीस-पन्नास पावलं लांब वाजवा आणि झऱ्याचं चित्र सुरुवातीला वेगळं घ्या. तिथला आवाजही पाच मिनिटं वेगळा रेकॉर्ड करा, मिक्समध्ये हवा तेवढा हळूच खाली घालता येतो. एकदा गाण्यात मिसळून आलेला मात्र बाहेर काढता येत नाही.

माइकच्या जागेबद्दल. बाहेर भिंती नाहीत, छत नाही, आवाज निघाला की निघाला, परत येत नाही. अंतर दुप्पट केलं की आवाज ६ डीबी (आवाजाच्या पातळीचं माप) कमी होतो. म्हणजे माइक दोन मीटरवरून अर्ध्या मीटरवर आणला की वाद्य पाणी-वाऱ्याच्या तुलनेत १२ डीबीने वर येतं, फुकटात. कुठल्याही महागड्या सामानाने हे होत नाही. म्हणून बाहेर मी जवळच जातो, गिटारला बारावा फ्रेट आणि बॉडी मिळते तिथे ३० ते ४० सेंटीमीटरवर, भोकासमोर धरायचा नाही, तिथून बदबद येते.

लांब ठेवण्यात अजून एक गोम आहे जी लोकांच्या लक्षात येत नाही, जमीन. समजा माइक अडीच मीटरवर आहे, गिटार आणि माइक दोन्ही जमिनीपासून एक मीटर. एक आवाज सरळ येतो आणि दुसरा जमिनीवर आपटून, जवळजवळ ७० सेंटीमीटर जास्त चालून. दोघं भेटतात तेव्हा २४५ हर्ट्झच्या आसपास एकमेकांना खातात, म्हणजे गिटारची जी ऊब असते नेमकी तिथेच खड्डा. खाली फरशी किंवा खडक असेल तर जास्त, गवत असेल तर कमी. लोक म्हणतात बाहेर गिटार पत्र्यासारखी वाजते, त्यात याचा मोठा हात असतो. खाली जाड सतरंजी अंथरा, निदान खडकावर बसू नका.

रानवाट:

जमिनीचं अगदी मान्य, पण सगळंच जवळून घ्यायला माझा विरोध आहे. ताईंना तिघांनी एकत्र वाजवलेलं हवंय, तीन वाद्यं शेजारी शेजारी चिकटवलेली नकोत. १९३३ साली जॉन लोमॅक्स आणि त्यांचा मुलगा ॲलन गाडीत जवळजवळ १४० किलोचं तबकडी कोरणारं यंत्र टाकून लोकगीतं रेकॉर्ड करत अमेरिकेत फिरले, ट्रॅक वेगळे काढून नंतर बॅलन्स करायची सोयच नव्हती, जे काय व्हायचं ते माणसांनी मागेपुढे सरकून करायचं. बॅलन्स माणसांनीच करायचा असतो. बासरी मोठी येतेय? बासरीवाल्याला एक पाऊल मागे घ्या. काहोन जड होतोय? त्याला बाजूला, दीड मीटर मागे. गिटार सगळ्यात हळू, ती सगळ्यात पुढे. दहा मिनिटं हेडफोन लावून माणसं हलवा, मिक्समधल्या फेडरला (आवाज कमी-जास्त करायच्या पट्टीला) हात लावावाच लागत नाही.

आणि बाहेर वाजवणाऱ्यांना स्वतःचा आवाज कमी ऐकू येतो, कारण परत काही येत नाही, मग गाणारे नकळत जोर लावायला लागतात आणि गाणं घशात अडकतं. म्हणून अर्धगोलात, एकमेकांची तोंडं दिसतील असं, हात लांबवला तर लागेल इतकं जवळ बसा. मागे एखादा मोठा खडक मिळाला तर सोन्याहून पिवळं, थोडा आवाज अंगावर परत येतो आणि गळा आपोआप सैल होतो.

दोन_माइक:

चला मग दोघांचं मिळून करू, रेकॉर्डरला चार ट्रॅक आहेतच की. एक्सवाय समोर सव्वा-दीड मीटरवर, तो मुख्य आवाज. एक पेन्सिल गिटारला, एक आवाजाला, गाण्याचा माइक सरळ तोंडासमोर नको, जरा बाजूने आणि थोडा वरून. मिक्समध्ये एक्सवाय वर ठेवायचा आणि दोन्ही पेन्सिल फक्त शब्द आणि बोटं स्पष्ट होतील एवढ्याच आणायच्या. एक मीटर जायला आवाजाला साधारण ३ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे जवळचे ट्रॅक एक्सवायपेक्षा थोडे आधी येतात, ऑडॅसिटी किंवा रीपर अशा एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ते तेवढेच उशिरा सुरू होतील असे सरकवून बघा, कधी कधी त्यानेच गिटार एकदम भरते.

लेव्हल हातचं राखून. सगळ्यात जोरात भाग वाजवून घ्या आणि काटा उणे १२ डीबीच्या वर जाणार नाही असा गेन (रेकॉर्ड करतानाची आवाजाची वाढ) लावा, खऱ्या टेकमध्ये सगळेच जास्त जोरात वाजवतात. २४ बिटमध्ये घेताय तर कमी लेव्हलची भीती बाळगू नका. ४८ किलोहर्ट्झ २४ बिट स्टिरिओ म्हणजे तासाला साधारण १ जीबी, चार ट्रॅकचे २. सध्या ३२ बिट फ्लोटवाले, म्हणजे खूप हळू ते खूप मोठा आवाज एकाच वेळी सामावणारे रेकॉर्डर आलेत, झूम एफ३ ला तर गेनची भानगडच नाही, पण जोराचा वारा थेट पडद्यावर आला तर त्यातही गाणं झाकलंच जातं, त्यामुळे पैसे खर्चायचेच असतील तर आधी केसाळ कव्हर.

ओल_धरलेली_गिटार:

सगळे माइकवर बोलतायत, मी वाद्यांवर बोलते कारण माझं नुकसान तिथेच झालंय. गिटार उन्हात ठेवू नका, पाच मिनिटंसुद्धा. तारा तापल्या की किंचित लांबून सैल पडतात आणि सूर उतरतो, सावलीत आलं की परत चढतो, एका टेकमध्ये झाडाची सावली सरकून माझ्या गिटारवर ऊन आलं आणि गाणं संपेपर्यंत मी बासरीपेक्षा खाली. बासरीचं तर उलटं आहे, हवा गरम झाली की ती चढते! म्हणजे दोघं एकमेकांपासून लांब पळतात. प्रत्येक टेकआधी ट्यून करायचंच, कंटाळा आला तरी.

सकाळी गवतावर दव असतं, कंडेन्सर माइकला ओल लागली की चरचर-फुटफुट असा आवाज यायला लागतो. माझा माइक गार पेटीतून काढला आणि दमट हवेत लगेच लावला, पहिला तास वाया गेला. आता पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवते आणि तिथे पोचल्यावर अर्धा तास आधी माइक काढून त्याला हवेशी सवय होऊ देते.

बॅटरी दोन जोड्या जास्तीच्या. फँटम पॉवर (रेकॉर्डरने केबलमधून कंडेन्सर माइकला दिलेली वीज) लावली की त्या भराभर उतरतात. रिचार्जेबल घालणार असाल तर रेकॉर्डरच्या मेनूत तसं सांगावं लागतं, नाहीतर तो अल्कलाइन समजून बॅटरीचा काटा चुकीचा दाखवतो. तिघांचेही फोन एअरप्लेनवर टाका, नाहीतर केबलमधून टर्र टर्र येते. आणि व्हिडिओ फोनवर घेताय तर सुरुवातीला एक टाळी आणि शेवटीही एक टाळी, दोन यंत्रांची घड्याळं कधीच अगदी सारखी चालत नाहीत, अर्ध्या तासात एखादी फ्रेम मागेपुढे होऊ शकते, शेवटची टाळी असली की कळतं किती सरकलंय.

तिसरी_तार:

मंडळी, जाऊन आलो! तिघांनाही मनापासून धन्यवाद, काय झालं ते सांगते.

आदल्या दिवशी त्याच वेळेला जाऊन हेडफोन लावून फिरले. झऱ्यापासून वर एक मोठा खडक आहे, माझ्या दीडपट उंच, त्याच्या अलीकडे आलं की रस्ता एकदम बंद होतो, दार लावावं तसा. पलीकडे दोन पावलं टाकली की परत घूं सुरू. मी चार-पाच वेळा नुसती इकडून तिकडे गेले, विश्वासच बसेना. तिथेच खडकाला पाठ करून बसायचं ठरलं, तोंडं झऱ्याकडे, खाली गवतावर सतरंजी, झऱ्याचं चित्र वेगळं घेतलं.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर तासाभराने सुरू केलं. माणसं हलवायला दहाच्या जागी चाळीस मिनिटं गेली पण मी म्हणेन की सगळ्यात मोठा फरक त्यानेच पडला. काहोन दीड मीटर मागे आणि डावीकडे, बासरी उजवीकडे. पहिल्या टेकला मी परत जोर लावला, दुसऱ्याला थोडं सैल झालं, तिसऱ्याला खडकाचा आवाज अंगावर यायला लागलाय हे जाणवलं आणि ती अंतऱ्यातली हळू ओळ, जी पहिल्यांदा फाटली होती, ती आता अशी आलीय की ओळ संपल्यावर बोट तारेवरून उचलल्याचा बारीक आवाजसुद्धा ऐकू येतो. त्यावर लगेच कुठलासा पक्षी दोनदा बोललाय. तो ठेवतेय. मध्ये एकदा बऱ्यापैकी झुळूक आली, कापड फुगलेलं व्हिडिओत दिसतंय आणि रेकॉर्डिंगमध्ये फक्त पानांची सळसळ आहे, भुरभुर नाही.

एकच खटकतंय. वरच्या सप्तकात बासरी गेली की एक्सवायमध्ये फुंकेचा फुसफुस आवाज टोचतो. मागे घेतली तर सूर लांब जातो. काय करू?

रानवाट:

वा, फार छान वाटलं वाचून. बासरीची जागा तीच ठेवा, फक्त बासरीवाल्याला जरासं फिरून बसायला सांगा. बासरीचा आवाज फुंकेच्या भोकातून आणि बोटांच्या भोकांतून, दोन्हीकडून निघतो, पण श्वासाचा फुसफुसाट मुख्यतः फुंकेच्या भोकाकडून येतो. तिथून निघणारी हवा सरळ माइकच्या रेषेत येत असणार. बासरीचं पुढचं टोक माइककडे थोडं वळवलं, एवढंच, की बोटांचा भाग माइकला जवळ होतो आणि फुंक बाजूने निघून जाते. स्टँड दहा-पंधरा सेंटीमीटर वर घेऊन माइक थोडा खाली झुकवून बघा. अजून उरलंच तर ६-७ किलोहर्ट्झच्या आसपास दोन डीबी, पण ते अगदी शेवटी.

तिसरी_तार:

रविवारी परत जातोय, हेच करून बघते. त्याला घरीच आत्ता फिरवून बसवलं आणि नुसत्या रेकॉर्डरवर ऐकलं, फुसफुस बरीच गेलीय.